मरायला फुरसत नाही! मुक्काम पोस्ट बीड

इंग्रज कामात बुडाला की मधमाशी होतो. ‘बिझी ॲज अ बी’ म्हणतो आणि मोकळा होतो. आपला माणूस एवढ्यावर भागवत नाही. तो थेट यमालाच ताटकळत ठेवतो : ‘मरायला फुरसत नाही!’ बीडच्या बसस्थानकावर, परळीच्या मोंढ्यात, आष्टीच्या बाजारात कुणालाही ‘काय चाललंय?’ एवढं विचारून बघा. समोरचा पारावर पाय पसरून तंबाखू मळत बसलेला असला तरी उत्तर ठरलेलं.

आधी त्या मधमाशीचं पितळ उघडं पाडू. चॉसर या इंग्रज कवीनं चौदाव्या शतकातच तिला कामसूपणाचं प्रमाणपत्र देऊन टाकलं होतं. पण मार्टिन लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञानं एकाच मधमाशीवर तब्बल १७७ तास नजर ठेवली आणि १९५२ साली हिशेब मांडला. त्यातले सुमारे ७० तास बाई काहीच करत नव्हत्या. आणखी ५६ तास पोळ्यात नुसत्या इकडून तिकडं चकरा. टेबलावर चष्मा ठेवून ‘साहेब जागेवर नाहीत, राउंडला गेलेत’ हे काही फक्त माणसांनाच जमतं असं नाही.

कामाविषयी बोलताना जगातली प्रत्येक भाषा थोडी फेकाफेक करतेच. बीड जिल्ह्याची गंमत (आणि कधी कधी पंचाईत) अशी की इथं यातल्या निम्म्या अतिशयोक्ती हजेरीपुस्तकात मावतात. रात्रीचा दिवस, हाडाची काडं, डोक्यावर कामाचं ओझं... हे वाक्प्रचार इथं अलंकार म्हणून कमी आणि कामाचं वर्णन म्हणून जास्त चालतात.

दोन माणसं, एक कोयता

पुण्यात ‘कोयता’ म्हटलं की पोलिसांची प्रेसनोट आठवते. बीडमध्ये कोयता म्हणजे नवरा-बायको.

हत्यार एक, हात चार, आणि मोजमापाचं एकक ‘कोयता’. ऊसतोडीच्या मुकादमाला ‘यंदा किती कोयते?’ विचारलं आणि तो ‘बारा’ म्हणाला, तर माणसं चोवीस समजायची. एकटा गडी किंवा एकटी बाई आली तर तो ‘अर्धा कोयता’. आयुष्याचा जोडीदार म्हणजे अर्धांगिनी, हे संस्कृतात ऐकायला गोड वाटतं. ऊसतोडीच्या हिशेबात मात्र दोघंही अर्धेच. व्यवहारासाठी लग्नाची इतकी रोखठोक व्याख्या दुसऱ्या कुठल्या धंद्यानं केली असेल असं वाटत नाही.

दसरा उलटला की बीड, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या निघतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, अहिल्यानगर, थेट कर्नाटकापर्यंत. जाणाऱ्यांचा आकडा लाखांत. बालाघाटाच्या डोंगरातली काही गावं मग चार-पाच महिने म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या भरवशावर असतात. या प्रवासाबरोबर एक अख्खी बोली फिरते. तिचा छोटासा शब्दकोश खिशात असावा :

‘उचल’ म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ती ‘फिटते’ किंवा ‘फिरते’. फिटली तर सुटलात. फिरली तर उरलेली बाकी पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्याच मागे. ‘फड’ म्हणजे तोडणीला लागलेलं उसाचं रान. (तमाशाचाही फडच असतो, दोन्हीकडं रात्र जागावी लागते.) ‘कोपी’ म्हणजे फडाजवळ उभी केलेली पाचटाची वा ताडपत्रीची झोपडी. ‘वाढं’ म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. बैलाला वैरण तीच, मोळी बांधायला दोरी तीच, आणि पेंढ्या विकून मीठमिरचीचे चार पैसे द्यायलाही तेच. बैल जुंपून वाहतूक करणारे ते ‘गाडी सेंटर’चे. आणि डोक्यावर मोळ्या वाहून, ट्रकला लावलेल्या फळीवरून चढून गाडी भरणारे ते ‘डोकी सेंटर’चे. आयटीवाल्यांच्या कॉल सेंटरच्या कितीतरी आधी मराठवाड्यातल्या गड्यांची सेंटरं सुरू होती.

आणि या सगळ्याचा शेवट? कारखान्याचा ‘पट्टा पडला’ की हंगाम संपला. हे दोन शब्द ऐकायला कोपीतलं लहान पोरगंसुद्धा कान टवकारून असतं.

आता ‘रात्रीचा दिवस करणे’ बघा. हा वाक्प्रचार आपण परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी वापरतो. ऊसतोडीत त्यामागं रसायनशास्त्र आहे. ऊस तुटला की त्यातली साखर उतरायला लागते. चोवीस तासांच्या आत तो गव्हाणीत पडला तर उतारा चांगला, जितका उशीर तितका वजनाला आणि साखरेला फटका. म्हणून कारखाना झोपत नाही, म्हणून वाहन येईल तेव्हा भरायचं. ते रात्री एकला आलं तर रात्री एकला. आणि पहाटे पुन्हा बुडख्याला वाकायचं, कारण उसाची गोडी शेंड्यात नसते, बुडात असते. जमिनीलगत छाटला नाही तर शेतकरीही ओरडतो आणि कारखान्याचा स्लिपबॉयही. कंबर इथं कसायची नसते, मोडायची असते.

बाह्यांचीही एक गंमत. इंग्रजीत कामाला लागायचं तर ‘रोल अप युअर स्लीव्ह्ज’. मराठीतही बाह्या सरसावतात, बाईमाणूस असेल तर पदर खोचतात. फडात नेमकं उलटं. उसाच्या पानाची धार हात कापते आणि कूस अंगात रुतते, म्हणून बायका साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात, बाह्या मनगटापर्यंत खाली ओढतात आणि डोक्याला फडकं घट्ट आवळतात. ज्यानं बाह्या वर केल्या तो नवखा.

पैशाचं बोलू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला; टनाला २७३ रुपये होते ते ३६६ झाले. एका कोयत्यानं दिवसात दोन टन ऊस तोडला, तर दोघांत ७३२ रुपये. तेही हातात नाहीत, उचलीतून वळते. साखरेचं खाणार त्याला देव देणार, अशी आपली म्हण. साखर तोडणाऱ्याला कोण देणार, यावर म्हण गप्प आहे.

या शब्दकोशातला एक शब्द मात्र चटपटीत नाही. ‘खाडा’. शाळेत खाडा म्हणजे गैरहजेरी आणि फार तर एक छडी. ऊसतोडीत खाडा म्हणजे मजुरी बुडाली आणि वर दंड. आजारपणाचा खाडा, पाळीचा खाडा, सगळे सारखे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. दवाखान्यांचा लोभ, खोटी भीती, अज्ञान ही कारणं होतीच; पण खाडा पडू नये हेही एक होतं. ‘मरायला फुरसत नाही’ हे वाक्य इथं म्हणून बघा, जीभ अडखळते.

तेल डोळ्यांत, दिवे दुसरीकडं

इंग्रज रात्री जागून काम करतो तेव्हा ‘मिडनाइट ऑइल’ जाळतो. सतराव्या शतकापासूनचा हा शब्दप्रयोग. आपण तेल वाया घालवत नाही, सरळ डोळ्यांत घालतो. ‘डोळ्यांत तेल घालून’ राखण करायची. दिवा विझला तरी चालेल, डोळा मिटता कामा नये.

त्यांची मेणबत्ती दोन्ही टोकांनी जळते. ‘बर्निंग द कँडल ॲट बोथ एंड्स’ म्हणजे आज पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत राबणं, पण मुळात हा शेरा उधळ्या माणसावर होता. मेणबत्ती महाग होती आणि ती दोन्हीकडून पेटवणारा घराण्याचं वाटोळं करणारा. शे-दोनशे वर्षांत उधळ्याचा कष्टाळू झाला. आपल्याकडं दिव्यांचं उलट झालं. दिवे लावणं हे खरं तर पुण्याचं काम. पण ‘काय दिवे लावलेत!’ असं मास्तर म्हणाले की समजायचं, निकाल लागला.

रात्रीच्या तेलाचा बीड जिल्ह्यातला मानकरी विचाराल तर नाव एकच : अंबाजोगाईचे दासोपंत. सोळाव्या-सतराव्या शतकातले संतकवी. रोज एक ढबू पैशाची शाई लिहून संपवायची, असा त्यांचा नेम होता म्हणतात. ढबू म्हणजे जाडजूड तांब्याचा दुप्पट पैसा. गीतेवर त्यांनी लिहिलेला ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. ज्ञानेश्वरी नऊ हजारांच्या आसपास, त्यावरून अंदाज बांधा. एवढ्यानं भागेना म्हणून की काय, कापडाच्या लांबच लांब पासोडीवरही त्यांनी ग्रंथ लिहिला. चाळीसेक फुटांची ती पासोडी म्हणजे आपल्या भाषेतलं बहुधा सगळ्यात लांबलचक पान. हल्ली कुणी लेखक ‘सध्या फार लिहितोय’ म्हणाला की मला तो ढबू पैसा आठवतो आणि मी नुसती मान डोलावतो.

शेजारीच मुकुंदराजांची समाधी. ‘विवेकसिंधु’ परंपरेनं ११८८ सालचा मानतात. म्हणजे मराठीच्या आद्य ग्रंथकाराचा आणि शाई संपवण्याच्या विक्रमवीराचा पत्ता एकच गाव. अंबाजोगाईकरांनी याचा जेवढा गाजावाजा करायला हवा तेवढा केलेला नाही. फुरसत नसेल.

ढोर, गाढव आणि एक दिवसाची रजा

राबणाऱ्याला इंग्रज ‘वर्कहॉर्स’ म्हणतो, नाहीतर ‘वर्किंग लाइक अ डॉग’. आपल्या म्हणींतलं कुत्रं कधी काम करताना सापडायचं नाही. त्याचं शेपूट सरळ करण्यातच आपले कष्ट जातात. घोडाही आपल्याकडं मिरवणारा. राबायला आपल्याकडं दोघंच : ढोर आणि गाढव. म्हणून ढोरमेहनत आणि गाढवमेहनत.

दोन्हींत सूक्ष्म फरक आहे, आणि तो खेड्यातला माणूस बरोबर पाळतो. ढोरमेहनतीला थोडी कीव असते, थोडा मान असतो. गाढवमेहनत म्हणजे राबणारा राबला आणि वर मूर्खही ठरला. बिचाऱ्या गाढवाचा भाव म्हणींत कायम पडलेला, बाजारात मात्र नाही : बीडच्या शिवेला लागून पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, तिथला रंगपंचमीच्या सुमाराचा गाढवांचा बाजार नावाजलेला आहे. दात बघून, चाल बघून, पाठीवर थाप मारून सौदे होतात. ज्यांना गाढवाची किंमत नाही असं वाटतं, त्यांनी तिथं जाऊन एक विकत घेऊन दाखवावं.

बैलाला निदान हक्काची एक रजा आहे. मराठवाड्यात पोळा श्रावणी अमावस्येचा. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. जू घेऊन घट्टे पडलेल्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि बैलाला रीतसर सांगायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी खांद्यावर जू ठेवायचं नाही. वर्षभर ज्याला नुसतं ‘हैऽऽ’ म्हटलं त्याला एक दिवस ‘अहो-जाहो’. मनुष्यबळ विभागानं यातून काही शिकावं असं म्हणणार होतो, पण ते तेवढंच शिकतील अशी भीती वाटते.

घाण्याच्या बैलाच्या नशिबी तेही सुख नव्हतं. डोळ्याला झापड बांधायची, म्हणजे आपण गोल फिरतोय हे त्याला कळत नाही आणि चक्करही येत नाही. दिवसभर चालून संध्याकाळी जिथल्या तिथं. इंग्रजांचं ‘नोज टु द ग्राइंडस्टोन’ याच जातीचं, फक्त तिथं धार लावणारा वाकलेला माणूस आहे. त्यांनी माणसाचं नाक दगडाला लावलं, आपण बैलाचे डोळे बांधले.

उसाचा घाणा म्हणजे गुऱ्हाळ, आणि इथं मराठीनं एक झकास टोला मारलाय. गुऱ्हाळात रात्रंदिवस चुलवण पेटतं, रस आटतो, माणसं घामानं निथळतात. इतक्या कष्टाच्या ठिकाणावरून आपण वाक्प्रचार कशाला काढला? ‘चर्चेचं गुऱ्हाळ’! काम सोडून नुसतं बोलत बसण्याला. सत्कार मात्र चिपाडाचा केला : राबून राबून वाळलेल्या माणसाला ‘पार चिपाड झालंय’ म्हणतात. पिळून रस गेल्यावर उरतं ते चिपाड, हे ज्यानं फड पाहिला त्याला सांगावं लागत नाही.

नाकापर्यंत की डोळ्यांपर्यंत?

काम फार झालं की ते इंग्रजाच्या ‘अप टु द नेक’ येतं, मग कानांपर्यंत, मग बुबुळांपर्यंत. आपल्याकडं ‘नाकी नऊ’ येतात. नऊ काय? शरीराची नऊ दारं. सगळीकडचा प्राण गोळा होऊन नाकाशी आला, असा लोकांनी लावलेला अर्थ. म्हणजे आता एक शिंक आली तरी खेळ खलास.

कोपराचंही पाहा. इंग्रजीत ‘एल्बो ग्रीस’, कोपराचं वंगण म्हणजे अंगमेहनत. शब्द १६७२ पासून छापील सापडतो. नव्या पोराला दुकानात ‘जा रे, पावशेर एल्बो ग्रीस घेऊन ये’ म्हणून पिटाळायची टवाळीही जुनीच. आपला कोपर कामाला लागतच नाही, काम टाळायला लागतो : ‘कोपरापासून नमस्कार!’

‘हातघाई’ ही मुळात लढाईतली. अगदी जवळून भिडायची वेळ. आता लग्नाच्या पंगतीत वाढप्यांची होते. ‘लगीनघाई’ मात्र लग्न सोडून सगळीकडं : मार्चअखेरीला पंचायत समितीत, मृगाच्या तोंडावर बियाण्यांच्या दुकानात.

काम नाही कवडीचं, फुरसत नाही घडीची

व्यग्र असण्यापेक्षा व्यग्र दिसणं सोपं, हे आपल्या पूर्वजांना चांगलं ठाऊक होतं. ही म्हण त्याचा लेखी पुरावा. कवडी हे सगळ्यात हलकं नाणं, घडी म्हणजे २४ मिनिटं. एका दिवसाच्या साठ घड्या. कवडीमोल काम आणि चोवीस मिनिटांचीही सवड नाही. अशा माणसाचं दर्शन घ्यायला कुठल्याही कार्यालयात जा, वेळ दुपारी तीनची धरा.

याच खात्यातला ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’. हल्लीच्या पोरांना न्हावी कळतो, तुंबडी कळत नाही. पूर्वी न्हावी केसांबरोबर नासकं रक्तही काढायचा. शिंगाची पोकळ नळी दुखऱ्या जागी लावायची, तोंडानं हवा ओढायची, रक्त वर येतं. ती तुंबडी. गिऱ्हाईक नसेल तर हा गडी भिंतीलाच तुंबडी लावून बसणार! गंमत म्हणजे युरोपातले न्हावीही हाच जोडधंदा करत आणि सलूनबाहेरचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब त्या रक्त काढण्याचीच खूण. त्यांच्या न्हाव्याच्या वाट्याला खांब आला, आपल्याच्या वाट्याला म्हण.

‘पाट्या टाकणे’ हा प्रकार मात्र बीडला पुस्तकातून शिकावा लागला नाही. मातीकामावर पाटी भरायची, बांधावर नेऊन टाकायची, परत यायचं; जीव ओतायला वाव नाही, संध्याकाळ होण्याशी मतलब. १९७२ च्या दुष्काळात अख्ख्या मराठवाड्यानं खडी फोडली, नाले बांधले, तलाव खणले आणि सुकडी खाल्ली. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. त्या पिढीतल्या आजीसमोर ‘ऑफिसात नुसत्या पाट्या टाकतोय’ असं म्हणू नये. ती विचारते, ‘कितीची पाटी?’

याच दिवसांतून रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ चा कायदा : मागेल त्याला काम. पुढं २००५ मध्ये देशानं तोच धागा उचलून कायदा केला. आणि बोलीला एक इंग्रजी शब्द कायमचा चिकटला, ‘मस्टर’. आमच्याकडं नाव शाळेच्या पटावर असतं, गावच्या यादीत असतं, आणि ‘मस्टरवर’ असतं. तिसऱ्यावर असलेला माणूस काहीवेळा पहिल्या दोन्हींवर नसतो, पण तो विषय वेगळा.

मेहनत बाहेरून आली

बीड सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. कारभार उर्दूत. त्यामुळं कामाची आमची भाषा थोडी दरबारी आहे. तसे हे शब्द साऱ्या महाराष्ट्रात रुळलेले, पण इथं ते जरा जास्तच घरच्यासारखे वावरतात.

मेहनत अरबी, तिकडं मूळ अर्थ कसोटी, संकट. फडात विचारलं तर मूळ अर्थच बरोबर म्हणतील. फुरसत अरबी, हमाल अरबी. मजूर फारसी, ‘मुज्द’ म्हणजे मजुरी, ती मिळते तो मजूर. बिगार म्हणजे मजुरीच न देता राबवणं, तरी आज बांधकामावरचा बिगारी रोज मोजून घेतो. शब्दाचं असं भलं व्हावं, माणसाचं नंतर बघू. आणि मुकादम हाही अरबी, म्हणजे पुढं असलेला. जुन्या कागदपत्रांत हा मान गावच्या पाटलाचा. आता तो टोळीच्या पुढं असतो, आणि उचल बुडाली की टोळीच्या मागं.

म्हणजे मेहनत बाहेरून आली, मजूर बाहेरून आला, मुकादम बाहेरून आला. कष्ट आणि श्रम घरचे आहेत, हे कबूल. पण आळस! तो अस्सल संस्कृतातून, वडिलोपार्जित.

इंग्रजीतून आलेली ‘डेडलाइन’ मात्र आपण विचार न करता घरात घेतली. १८६४ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल इथं कैद्यांची छावणी होती. कुंपणाच्या आतल्या बाजूला काही फुटांवर एक हद्द आखलेली. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. ती डेडलाइन. पुढं अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी ती उचलली, आणि आता तहसीलमध्ये पीकविम्याच्या अर्जाला डेडलाइन असते. आपली जुनी ‘मुदत’ किती सालस. ती संपते, आणि मग वाढवून मिळते.

रात्र थोडी, सोंगं फार

ही म्हण लळितातली, दशावतारातली. एकेक सोंग यायचं, ओळख द्यायचं, नाचायचं, टाळ्या घ्यायचं. सोंगांची रांग आत उभीच आणि इकडं कोंबडा आरवतोय. सूत्रधाराची जी धांदल होत असेल ती एका ओळीत बंद झाली. इंग्रजांचं ‘टू मेनी आयर्न्स इन द फायर’ साधारण इथंच येतं, पण तो लोहार एकटाच घामाघूम. आपल्याकडं निदान करमणूक झाली.

२०२४ च्या विधानसभेला बीडमध्ये ही म्हण खरी झाली. गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला धरलेला, मतदान २० नोव्हेंबरला. कोयते गेले तर मतं गेली, थांबले तर हंगाम गेला. उमेदवार, मुकादम, कारखाने आणि वाहनवाले, सोंगं सगळी तयार आणि मधल्या रात्री पाच.

पायाला भिंगरी

सतत पळणाऱ्या माणसाच्या पायाला भिंगरी असते. इंग्रज त्याच अर्थानं ‘रनिंग लाइक अ हेडलेस चिकन’ म्हणतो. मुंडकं उडालेली कोंबडी. भिंगरी बरी.

या वाक्प्रचाराचा जिल्ह्यातला अधिकृत धनी म्हणजे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. शेतमजुरी, वीटभट्टी अशा कामांवर चालणारं घर, आणि सहा किलोमीटरवरची शाळा, जाऊन-येऊन पायीच. पुढं सैन्यात महार रेजिमेंट, सियाचीनची थंडी, आणि मग ३००० मीटर स्टीपलचेस. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक. सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदानं. १९९४ नंतर त्या स्पर्धेत या शर्यतीतलं एकही पदक केनियाबाहेर कुणाला मिळालंच नव्हतं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय पुरुष, आणि त्याच वर्षी वेळ आणखी खाली, ८ मिनिटं ९.९१ सेकंद.

या शर्यतीत अडथळे २८. शिवाय पाण्याच्या उड्या ७ : आडवा ओंडका, त्याच्या पलीकडं भरलेलं कुंड, आणि त्यात पडूनही वेग टिकवायचा. केनियाच्या पोरांचं एक वेळ समजू शकतं. पण ज्या आष्टी तालुक्यात उन्हाळ्यात एका हंड्यासाठी टँकरमागं धावावं लागतं, तिथल्या पोरानं खेळ कुठला निवडला? तर ज्यात आठ मिनिटांत सात वेळा आयतं भरलेलं पाणी लागतं, आणि त्यात थांबून हंडा बुडवायचा नाही!